मेसोपोटेमियातील भूतबाधा, मंत्र आणि तोडगे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन संस्कृतींनी दुष्ट शक्तींची कल्पना कशी केली आणि त्यांच्याशी मंत्रविधींतून व्यवहार कसा केला, याविषयी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः मेसोपोटेमियापुरती ठेवली आहेत, कारण या विषयावर इतके जुने, इतके सविस्तर आणि खुद्द विधी करणाऱ्यांनी लिहून ठेवलेले साहित्य दुसरीकडे क्वचितच सापडते. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेसोपोटेमिया म्हणजे कोणता प्रदेश, आणि तिथल्या भुताखेतांचे इतके तपशील आपल्याला कळले कसे?

टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठचा प्रदेश, म्हणजे मुख्यत्वे आजचा इराक. त्याच्या दक्षिणेला सुमेर आणि बाबिलोनिया, तर उत्तरेला असीरिया होता. तिथले लेखनिक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने खिळ्यांसारखी अक्षरे उमटवत. कागद किंवा ताडपत्र आगीत जाते, मातीची पाटी मात्र आगीत भाजून आणखी पक्की होते. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा अशुरबनिपाल राजाचा ग्रंथसंग्रह ढिगाऱ्याखाली गाडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो उत्खननात सापडला आणि त्यातील तीस हजारांहून अधिक पाट्या व तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत मंत्र आणि विधी यांचा वाटा मोठा आहे. इ.स.पू. ६१४ मध्ये पडलेल्या अशुर शहरात तर मांत्रिकांच्या एका कुटुंबाचे राहते घरच त्यांच्या पोथ्यांसह मिळाले. त्यामुळे या विषयात आपल्याला ऐकीव कथांवर किंवा विरोधकांच्या वर्णनांवर विसंबावे लागत नाही. रोग्याच्या उशाशी उभे राहून मंत्र म्हणणाऱ्या माणसाचेच टिपण आपल्या हातात आहे.

२. त्यांच्या भाषेत ‘भूत’ किंवा ‘राक्षस’ यांसाठी कोणता शब्द होता?

असा एकच शब्द नव्हता, आणि बहुतेक गैरसमजांची सुरुवात येथूनच होते. सुमेरी भाषेत ‘उदुग’ आणि अक्कादी (म्हणजे बाबिलोनिया आणि असीरियाच्या) भाषेत ‘उतुक्कू’ हा शब्द एका अदृश्य शक्तीसाठी वापरत, पण ती शक्ती चांगलीही असू शके. म्हणून वाईट शक्तीचा उल्लेख करायचा असेल तेव्हा ‘दुष्ट’ हे विशेषण मुद्दाम जोडावे लागे. दुष्ट उतुक्कूंवरील मंत्रांची जी मोठी मालिका इ.स.पू. पहिल्या सहस्रकात सोळा पाट्यांच्या स्वरूपात स्थिरावली, तिचे नावही तसेच आहे. याखेरीज नावे पुष्कळ होती : माणसाला पकडून नेणारा गल्लू, अंगावर आच्छादनासारखा पसरणारा अलू, आजाराशी जोडलेला असक्कू, पाताळाचा दूत असलेला नम्तार. मराठीत यांना सरसकट राक्षस म्हटले की अर्थ बिघडतो, कारण आपला राक्षस खातो, पितो, लग्न करतो, राज्य करतो, यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही (प्र. ३ पाहा). ‘बाधा’ हा आपला शब्द मला त्यांच्या कल्पनेला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात रूपापेक्षा परिणामाकडे लक्ष आहे.

३. ही भुते दिसायची कशी? शिंगे, शेपटी, लाल डोळे असे काही वर्णन आहे का?

बहुतेकांना ठरलेले रूप नाही. मंत्रांमध्ये त्यांचे वर्णन प्रामुख्याने नकारांतून येते. ते नर नाहीत आणि मादीही नाहीत, त्यांना बायको नाही आणि मूलबाळ नाही, दयामाया त्यांना ठाऊक नाही, प्रार्थना त्यांना ऐकू येत नाही. एका प्रसिद्ध मंत्रात ‘ते सात आहेत, ते सात आहेत’ असे घोळवून म्हटले आहे. दार त्यांना अडवत नाही, अडसर त्यांना परतवत नाही. ते दाराखालून सापासारखे सरपटत येतात आणि बिजागरीच्या फटीतून वाऱ्यासारखे आत शिरतात. बायकोला नवऱ्याच्या कुशीतून आणि मुलाला बापाच्या मांडीवरून ते ओढून नेतात.

हे वर्णन लक्षपूर्वक वाचले तर त्यात घराचा नकाशाच दिसतो. दार, उंबरठा, बिजागरी, अंथरूण, बापाची मांडी. त्या लोकांची भीती रानावनातल्या अक्राळविक्राळ प्राण्याची कमी आणि घराच्या फटींची अधिक होती. संरक्षणाचे उपायही नेमके याच फटींपाशी केलेले आढळतात (प्र. १० आणि ११ पाहा). लमश्तू आणि पाझुझू हे दोघे मात्र या नियमाला ठळक अपवाद आहेत; त्यांना अतिशय निश्चित चेहरा होता (प्र. ५ आणि ७ पाहा).

४. मेलेल्या माणसाचा आत्मा आणि ही भुते एकच का?

नाहीत. मृताच्या आत्म्याला अक्कादी भाषेत ‘एतेम्मू’ म्हणत, आणि तो मुळात वाईट नसे. घरच्यांनी त्याला नियमाने अन्न आणि पाणी द्यायचे असे. या अर्पणाला ‘किस्पू’ म्हणत. ज्याला कोणी पाणी देणारे नाही, ज्याचे दफन झालेले नाही, तो आत्मा भुकेने परत येऊन जिवंतांना त्रास देतो, अशी समजूत होती. गिल्गमेश महाकाव्याच्या बाराव्या पाटीत अशा आत्म्याविषयी विचारणा होते आणि उत्तर येते की तो भांड्याला लागलेली खरवड आणि रस्त्यावर टाकलेले उष्टे खातो.

कानात होणारा आवाज, डोकेदुखी अशा काही त्रासांचे निदान वैद्यकीय ग्रंथांत ‘एतेम्मूचा हात’ असे केलेले आहे. उपाय म्हणून धुरी, लेप आणि मंत्र असत, आणि कित्येकदा त्या आत्म्याची मूर्ती करून, तिला शिदोरी देऊन, तिचे रीतसर दफन करत. श्राद्धाची आठवण येणे साहजिक आहे, पण पितरांना अन्नपाणी देण्याची कल्पना अनेक संस्कृतींमध्ये स्वतंत्रपणे उगवलेली आहे, एवढेच तूर्त म्हणावे.

५. लमश्तू कोण होती? तिचे नाव सगळीकडे का येते?

कारण तान्ह्या मुलांच्या मृत्यूला त्या संस्कृतीने दिलेले ते नाव होते. लमश्तू ही आकाशदेव अनूची मुलगी. तिच्या दुष्टपणामुळे देवांनी तिला स्वर्गातून हाकलून दिले, अशी कथा आहे. इतर भुते कोणाच्या तरी आज्ञेने येतात, ही स्वतःच्या मर्जीने येते. ती गर्भवतीच्या पोटाला सात वेळा स्पर्श करते आणि बाळंतिणीच्या दाराशी येऊन म्हणते की तुमची मुले माझ्याकडे द्या, मी त्यांना पाजते. मुलांवर तिचा जीव आहे, पण तिचे दूध विषारी आहे. दाईच्या रूपात आलेला मृत्यू, इतकी अचूक आणि इतकी असह्य कल्पना मला प्राचीन वाङ्मयात फारशी आढळलेली नाही.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात काशाचा एक लहानसा पत्रा आहे, तळहातापेक्षा थोडा मोठा. त्याच्या वरच्या पट्टीत देवांची चिन्हे आहेत, मग प्राण्यांच्या तोंडाचे सात रक्षक, त्याखाली अंथरुणावर हात उंचावून पडलेला रोगी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माशाचे कातडे पांघरलेल्या आकृती. सर्वांत खाली लमश्तू. तिचे तोंड सिंहिणीचे आहे, दोन्ही हातांत साप आहेत, एका स्तनाला कुत्र्याचे पिल्लू आणि दुसऱ्याला डुकराचे पिल्लू लागलेले आहे. ती गाढवावर आहे, गाढव नावेत आहे आणि नाव नदीत आहे. तिच्या समोर काही वस्तू मांडलेल्या आहेत.

या वस्तू काय आहेत ते विधीच्या ग्रंथातून कळते. तिच्यावरील तीन पाट्यांच्या मंत्रमालिकेत तिची मातीची मूर्ती करून तिला फणी, टकळी, तेलाची कुपी, वहाणा आणि वाटेची शिदोरी द्यावी असे सांगितले आहे. मग तिला नदीमार्गे किंवा डोंगरापलीकडे रवाना करायचे. मूल हिरावून नेणाऱ्या बाईला केस विंचरायला फणी आणि हाताला काम म्हणून टकळी देऊन पाठवणी करणारे हे लोक तिला मारण्याची भाषा क्वचितच करतात. तिला तिच्या घरी पोचवणे हाच त्यांचा उपाय आहे.

६. मग लमश्तू म्हणजे आपली सटवाई किंवा पूतना म्हणायची का?

नाही. साम्य खरे आहे, पण ते समान दुःखातून आलेले आहे. जिथे बाळंतपण धोक्याचे आणि पहिले काही दिवस अनिश्चिततेचे, तिथे त्या दिवसांना एखादे स्त्रीरूप मिळालेले पुष्कळ ठिकाणी दिसते. सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, तिची पूजा होते, तिचे देवपण मान्य आहे. लमश्तूला देऊळ नाही आणि पुजारीही नाही. वैद्यकीय ग्रंथांतील जुळणी शोधायची असेल तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील नऊ बालग्रह अधिक जवळचे आहेत. त्यांत पूतना, अंधपूतना, शीतपूतना, रेवती, शकुनी ही नावे येतात आणि प्रत्येकाची लक्षणे व उपचार वेगळे दिलेले आहेत. लक्षणांवरून ‘कोणी धरले आहे’ हे ओळखण्याची ही पद्धत दोन्हीकडे आहे (प्र. ८ पाहा). उसनवारीचा पुरावा मात्र त्यातून मिळत नाही.

७. पाझुझू तर सिनेमात महाभयंकर दाखवला आहे. मग बायका त्याचा ताईत गळ्यात का घालत?

१९७३ साली आलेल्या एका इंग्रजी भयपटामुळे हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. पाझुझू भयंकर होता हे खरेच. लुव्रमध्ये त्याची सुमारे पंधरा सेंटिमीटर उंचीची काशाची मूर्ती आहे : बटबटीत डोळे, विचकलेले दात, पाठीला चार पंख, पायांना शिकारी पक्ष्याच्या नख्या, मागे विंचवाची नांगी, उजवा हात वर आणि डावा खाली. पंखांच्या मागे कोरले आहे की मी हन्बूचा पुत्र पाझुझू, दुष्ट वाऱ्यांच्या भुतांचा राजा.

तो राजा आहे म्हणूनच त्याचा उपयोग आहे. इतर वाईट वाऱ्यांना तो रोखू शकतो आणि मुख्य म्हणजे लमश्तूला पिटाळू शकतो. प्र. ५ मध्ये वर्णन केलेला पत्रा पुन्हा पाहिला तर वरच्या काठावरून डोकावणारे तोंड याच पाझुझूचे आहे. पत्र्याच्या पाठीवर त्याचे उरलेले शरीर कोरलेले आहे. त्याची मुंडकी माती, दगड आणि धातूची घडवून गळ्यात घालत किंवा खोलीत टांगत, आणि अशी मुंडकी बरीच सापडली आहेत. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा अधिपती असूनही गावाचा राखणदार म्हणून पुजला जातो, हे ठाऊक असलेल्या वाचकाला पाझुझूचे कोडे फारसे अवघड वाटू नये. फरक एवढाच की पाझुझूला ग्रामदेवतेचा मान कधी मिळाला नाही. तो ताईतातच राहिला.

८. हे विधी करणारा माणूस कोण असे? तो भगत किंवा देवऋषी यांच्यासारखा होता का?

त्याला ‘आशिपू’ म्हणत, आणि तो अंगात येणारा माणूस नव्हता. तो शिकलेला, पाठांतर केलेला, बहुधा वडिलोपार्जित विद्या चालवणारा आणि देवळाशी किंवा राजवाड्याशी जोडलेला पंडित होता. त्याच्या बरोबरीने ‘असू’ नावाचा वैद्य असे, जो औषधी, लेप आणि पट्ट्या यांवर भर देई. दोघांची क्षेत्रे एकमेकांत मिसळलेली होती आणि एकाच रोग्याकडे दोघे जात.

आशिपूच्या अभ्यासात ‘साकिक्कू’ हा चाळीस पाट्यांचा निदानग्रंथ होता. इ.स.पू. अकराव्या शतकात, अदाद-अपला-इद्दिना या बाबिलोनच्या राजाच्या काळी, एसागिल-किन-अपली नावाच्या विद्वानाने तो व्यवस्थित लावला. ग्रंथाचा आरंभ रोग्याच्या घराकडे जाणाऱ्या आशिपूला वाटेत काय दिसते इथून होतो. पुढे डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाची लक्षणे येतात. कपाळ तापले आहे का, शिरा कशा उडतात, रोगी रात्री ओरडतो का, हे पाहून कोणत्या देवाचा किंवा भुताचा ‘हात’ आहे ते ठरे. कारण चुकीचे असले तरी त्यासाठी केलेले निरीक्षण काटेकोर होते, आणि या माणसांना सरसकट भोंदू म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

९. मंत्रांमध्ये असते काय? नुसतेच अगम्य शब्द असतात का?

काही मंत्रांत तसे शब्द आहेत, पण बहुतेकांना नीट अर्थ आहे आणि ठरलेली बांधणीही आहे. आधी भुताचे नाव आणि त्याने केलेले नुकसान येते. नंतर असल्लुही हा देव (पुढे त्यालाच मर्दुक मानले गेले) हे पाहतो आणि वडिलांकडे, म्हणजे जलदेव एन्कीकडे (अक्कादी भाषेत एआ), जाऊन विचारतो की याला काय करू. वडील म्हणतात, बाळा, तुला काय ठाऊक नाही? मी यात काय भर घालू? जे मला ठाऊक ते तुलाही ठाऊक. आणि मग उपाय सांगतात. या वाक्यांतला जिव्हाळा हजार वर्षांहून अधिक काळ जसाच्या तसा नकलून ठेवलेला आहे.

शेवटी आशिपू जाहीर करतो की हा मंत्र माझा नाही, तो एआ आणि असल्लुही यांचा आहे. यात नम्रतेइतकीच सावधगिरी आहे, कारण असे म्हटल्यावर भुताचा सामना माणसाशी न राहता देवाशी होतो.

१०. रोग्याच्या खोलीत प्रत्यक्ष काय चालत असे?

असीरियाचा राजा एसरहद्दोन (इ.स.पू. ६८१ ते ६६९) याला त्याचा प्रमुख आशिपू मर्दुक-शाकिन-शुमी याने लिहिलेल्या एका पत्रात याचे चित्र आहे. रोग्याला झटका येताच आशिपू उठतो आणि दाराच्या कमानीला एक उंदीर आणि काटेरी झुडपाची फांदी टांगतो. तो लाल वस्त्र नेसतो, लाल झूल पांघरतो, उजवीकडे डोमकावळा आणि डावीकडे ससाणा धरतो आणि मंत्र म्हणू लागतो. दुसरा आशिपू धुपाटणे आणि मशाल घेऊन रोग्याच्या अंथरुणाभोवती फिरतो. भूत निघून जाईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ हे चालते.

याशिवाय अंथरुणाभोवती पिठाचे रिंगण घालत, त्याला ‘झिसुर्रू’ म्हणत. (ही रांगोळीच का, असे अनेकजण विचारतात. सीमा आखण्याची कल्पना सारखी आहे, पण झिसुर्रू शोभेसाठी किंवा रोजच्या मंगलासाठी नव्हती. ती त्या विधीपुरतीच असे.) कधी रोग्याच्या बदली प्राणी देत. पाताळाची राणी एरेश्किगल हिच्यासाठी केलेल्या एका विधीत करडाला रात्रभर रोग्याशेजारी झोपवत. पहाटे रोग्याच्या गळ्याला लाकडी सुरा नुसता टेकवत आणि करडाचा गळा काशाच्या सुऱ्याने चिरत. नंतर त्याला कपडे घालून, माणूस मेल्यासारखा शोक करून, त्याचे दफन करत. आपल्याकडे ‘जिवावरचे शेपटीवर निभावले’ म्हणतात. इथे एका जिवावरचे दुसऱ्या जिवावर ढकलले जाई.

११. घराच्या जमिनीखाली कुत्र्यांच्या मूर्ती पुरत असत, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्या मूर्ती आजही पाहता येतात. निनवे येथील अशुरबनिपालच्या राजवाड्यात मातीचे पाच छोटे कुत्रे सापडले, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला होता आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचे नाव कोरलेले आहे. ती नावे अशी : ‘विचार करत बसू नको, चाव’, ‘दुष्टांना हाकलणारा’, ‘शत्रूला पकडणारा’, ‘वैऱ्याला चावणारा’ आणि ‘ज्याचे भुंकणे मोठे’. पहिले नाव वाचताना ते घडवणाऱ्या कारागिराचा हात डोळ्यांपुढे उभा राहतो.

‘माणसाच्या घरातून दुष्टाचे पाऊल रोखण्यासाठी’ अशा मथळ्याचा एक विधिग्रंथ आहे. कोणती मूर्ती कोणत्या मातीची किंवा लाकडाची करावी, तिला कोणता रंग द्यावा आणि ती घरात नेमकी कुठे पुरावी, हे सगळे त्यात सांगितले आहे. माशाचे कातडे पांघरलेले आणि पक्ष्याच्या तोंडाचे ऋषी हेही अशाच रीतीने पुरत. उत्खननात या मूर्ती विटांच्या छोट्या पेट्यांमधून मिळाल्या आहेत. पोथी आणि जमीन यांचा इतका मेळ बसण्याचे प्रसंग थोडे असतात.

१२. ‘शुर्पू’ आणि ‘मक्लू’ यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘जाळणे’ असाच आहे ना?

होय, दोन्ही विधींत अग्नी आहे, पण रोगाचे कारण वेगळे धरले आहे. शुर्पूमध्ये दोष रोग्याच्या स्वतःच्या पदरी असतो : कळत किंवा नकळत मोडलेली शपथ, केलेला अपराध, लागलेला शाप. रोगी हातात कांदा घेतो, एकेक पाकळी सोलून अग्नीत टाकतो आणि म्हणतो की जसा हा कांदा सोलला जातो, पुन्हा वाफ्यात लावला जाणार नाही, पुन्हा ताटात वाढला जाणार नाही, तसा माझा शाप आणि माझे दुखणे सोलून निघो. मग खजुराचा घोस, विणलेली चटई, लोकरीचा पुंजका यांचे तेच होते. ज्याचा त्याचा गुंता ज्याने त्याने स्वतःच्या हाताने उलगडायचा, म्हणून मला हा विधी सर्वांत मानवी वाटतो.

मक्लूमध्ये कारण बाहेरचे असते. कोणीतरी करणी केली आहे असे धरून तिच्या उलट वार करायचा असतो. आठ पाट्यांचे मंत्र आणि विधी सांगणारी नववी पाटी असा हा ग्रंथ आहे. अबू महिन्यात, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, महिनाअखेरीच्या एका रात्री हा विधी सुरू होऊन सकाळपर्यंत चाले. करणी करणाऱ्यांच्या माती, मेण, चरबी, लाकूड अशा नाना पदार्थांच्या प्रतिमा करून त्या जाळत.

१३. मग ते खऱ्याखुऱ्या बायकांना चेटकीण ठरवून जाळत होते का?

मक्लूमध्ये जळते ती प्रतिमा. चेटकिणीचे नाव त्यात घेतलेले नाही. ‘तू जी कोणी असशील ती’ असाच सूर आहे. म्हणजे संशयाला वाट मिळे, पण शेजारणीकडे बोट दाखवावे लागत नसे. आरोप कोर्टात नेला तर मात्र परिस्थिती गंभीर होई. हम्मुराबीच्या संहितेतील (इ.स.पू. अठरावे शतक) दुसऱ्या कलमानुसार, चेटकाचा आरोप झालेल्या माणसाने नदीत उडी घ्यायची. नदीने त्याला ओढून नेले तर त्याचे घर आरोप करणाऱ्याला मिळे. तो सुखरूप बाहेर आला तर आरोप करणाऱ्यालाच मृत्युदंड होई आणि त्याचे घर आरोपीला मिळे. खोट्या आरोपाची इतकी जबर किंमत ठेवल्यावर माणसे आरोप करण्यापूर्वी विचार करत असणार.

१४. घुबडे आणि सिंह असलेले ‘रात्रीच्या राणी’चे शिल्प लिलिथचे आहे ना?

बहुधा नाही. ब्रिटिश म्युझियमने २००३ साली घेतलेले हे शिल्प इ.स.पू. अठराव्या शतकाच्या आसपासचे आहे. पंख आणि पक्ष्याचे पाय पाहून पूर्वी अनेकांनी तिला लिलिथ म्हटले. पण तिच्या डोक्यावर देवत्वाचा शिंगांचा मुकुट आहे आणि हातांत दंड व वेटोळे ही देवांची चिन्हे आहेत. ती प्रेम आणि युद्धाची देवी इश्तार किंवा पाताळाची राणी एरेश्किगल असावी असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मेसोपोटेमियात ‘लिलीतू’ आणि ‘अर्दत लिली’ नावाच्या वायुरूप बाया होत्या. अर्दत लिली ही लग्नाचे सुख न मिळताच मेलेली मुलगी, म्हणून ती तरुणांना झपाटते. आदमची पहिली बायको म्हणून जी लिलिथ प्रसिद्ध आहे, ती ज्यू परंपरेत फार नंतर, मध्ययुगात, आकाराला आली.

१५. मातीच्या वाडग्यांत लिहिलेले मंत्र याच लोकांचे आहेत का?

प्रदेश तोच आहे, काळ मात्र हजार वर्षांनी पुढचा. इसवी सनाच्या पाचव्या ते आठव्या शतकांत इराकमधील ज्यू, मंडाई (तिथला एक छोटा धर्मपंथ), ख्रिस्ती आणि इतर लोक साध्या वाडग्याच्या आतल्या बाजूस अरामी भाषेत गोल गोल ओळींनी मंत्र लिहीत आणि वाडगा पालथा करून उंबरठ्याखाली पुरत. मधोमध बऱ्याचदा साखळदंडांनी बांधलेले भूत काढलेले असते. ज्याच्यासाठी मंत्र लिहिला त्याचे नाव वडिलांच्या नावाने न देता आईच्या नावाने देतात.

यांतील काही मजकूर म्हणजे चक्क काडीमोडाचे कागद आहेत. लिलिथने घरातल्या माणसाला नवरा मानले आहे असे धरून तिला कायदेशीर भाषेत घटस्फोट दिला जातो आणि घर सोडून जाण्यास सांगितले जाते. प्र. ५ मधील शिदोरी आणि हा कागद यांत मला एकच मनोवृत्ती दिसते.

१६. इजिप्त आणि ग्रीस येथेही अशाच कल्पना होत्या का?

पूर्णपणे नाही. इजिप्तमध्ये सूर्याच्या नावेवर रोज हल्ला करणारा अपेप नावाचा सर्प होता. त्याची मेणाची प्रतिमा करून तिच्यावर थुंकायचे, डाव्या पायाने तुडवायचे, सुरी चालवायची आणि ती जाळायची असा विधी देवळात होई. तिथे समजूत घालून पाठवणी करण्याला जागा नव्हती. ग्रीक भाषेतील ‘दायमोन’ हा शब्द आरंभी देव आणि माणूस यांच्या मधल्या शक्तीसाठी होता. त्याला निव्वळ वाईट अर्थ मुख्यतः ज्यू आणि ख्रिस्ती लेखनातून चिकटला.

१७. लोकमान्य टिळकांनी अथर्ववेद आणि बाबिलोन यांचा संबंध दाखवला होता, असे ऐकले. ते खरे का?

खरे आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या गौरवार्थ १९१७ साली निघालेल्या लेखसंग्रहात टिळकांचा खाल्डियन (म्हणजे बाबिलोनी) आणि भारतीय वेदांवरील इंग्रजी लेख आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील सर्पविषावरील सूक्तात ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ असे शब्द येतात. त्यांचा उलगडा संस्कृतातून नीट होत नाही. टिळकांनी ‘तैमात’चा संबंध बाबिलोनच्या आदिम जलसर्पिणीशी, म्हणजे तिआमतशी, जोडला आणि दोन्ही संस्कृतींत देवाणघेवाण झाली असावी असे मांडले. त्यांची ही जुळणी आज सर्वमान्य नाही. परंतु कीलाक्षरी पाट्यांचे वाचन सुरू होऊन जेमतेम साठ वर्षे झाली असताना ते साहित्य अथर्ववेदाशेजारी ठेवून पाहावे हे एका मराठी विद्वानाला सुचले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

१८. यातले काही महाराष्ट्रात पाहायला मिळते का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असीरियन राजवाड्यातील शिल्पपट आहेत. एकोणिसाव्या शतकात निमरूद या जुन्या असीरियन राजधानीच्या उत्खननातील खोकी बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. अशा शिल्पपटांवर दिसणारे पंखधारी पुरुष हे राजवाड्याचे रक्षक असत. त्यांना भुते समजू नये.

१९. घरात कोणाला बाधा झाल्यासारखे वाटते. यातला एखादा मंत्र वापरता येईल का?

असे प्रश्न काळजीपोटी येतात, म्हणून स्पष्ट उत्तर देतो : नाही. झटके, भ्रम, न उतरणारा ताप, बाळंतिणीचे खचलेले मन या सर्वांवर आज उपचार आहेत, त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हे आहेत. साकिक्कू लिहिणाऱ्यांनीही उपलब्ध ज्ञानातले उत्तमच वापरले होते (प्र. ८ पाहा).

२०. उपाय चालला नाही तर ते काय म्हणत? आशिपू हरला असे कुठे लिहिलेले आहे का?

आहे, आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी. साकिक्कूमध्ये कितीतरी लक्षणांपुढे ‘तो मरेल’ एवढेच लिहिलेले आहे, आणि काही ठिकाणी अशा रोग्याला हात लावू नये असा सल्लाही आहे. ‘लुद्लुल बेल नेमेकी’ या बाबिलोनी काव्यात शुब्शी-मेश्रे-शक्कन नावाचा एक प्रतिष्ठित माणूस स्वतःचे दुखणे सांगतो. डोकेदुखी पाताळातून वर आली, लमश्तू डोंगरातून उतरली, अंग लुळे पडले. आशिपू आला, पण त्याला दुखण्याचे स्वरूप उलगडले नाही; शकुन पाहणाऱ्यालाही मुदत सांगता आली नाही. घरच्यांनी तो जिवंत असतानाच त्याची कबर तयार ठेवली. अखेर मर्दुकाला दया येते आणि एकेका दुखण्याची बोळवण होते. कोणालाही ठार केले जात नाही. उतुक्कू जिथून आला तिथे परत जातो, डोकेदुखी पाताळात उतरते आणि लमश्तूला पुन्हा तिचा डोंगर मिळतो.